ग्रेडेड नाणं घेताय? मग त्या हिरव्या स्टिकरचे जादा पैसे कधी द्यायचे ते बघून घ्या

ग्रेडेड नाणी बघायला लागलं की हा प्रश्न लगेचच समोर येतो. स्क्रीनवर शेजारी शेजारी दोन मॉर्गन डॉलर म्हणजे अमेरिकेची जुनी चांदीची नाणी, दोन्ही १८८१ चे, दोन्ही सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीचे, दोन्ही पीसीजीएस या ग्रेडिंग कंपनीच्या सीलबंद डबीत म्हणजे स्लॅबमध्ये, दोन्हींवर एमएस-६५ हाच ग्रेड म्हणजे दर्जाचा आकडा लिहिलेला, आणि तरी एकाचा भाव दुसऱ्यापेक्षा चांगलाच चढा. फरक शोधायला गेलं तर स्लॅबवर सीएसी नावाच्या कंपनीचं एक नखाएवढं लंबगोल हिरवं स्टिकर. मग नवीन माणूस विचारतो की ग्रेड तर कंपनीने दिलाच आहे ना, मग हे वर आणखी कोण आणि याचे पैसे मी का देऊ.

प्रश्न बरोबर आहे. माझं मत आधीच सांगून टाकतो म्हणजे शेवटपर्यंत वाट बघायला नको. काही नाण्यांना त्या स्टिकरचे पैसे द्यावेत, खुशीने द्यावेत, आणि बहुतेक नवीन लोक सुरुवातीला जी नाणी घेतात त्यांना अजिबात गरज नसते. कुठलं नाणं कुठल्या गटात हे कळायला खालच्या पायऱ्या. हे मुख्यतः अमेरिकन नाण्यांबद्दल आहे कारण हा स्टिकरचा उद्योग तिकडचाच, न्यू जर्सी किंवा बे एरियात राहून मॉर्गन जमवायला लागलेली आपली बरीच मंडळी आहेत आणि पुण्या-मुंबईतले काहीजण मामा-काका-मित्रांकडून तिकडून मागवतात, त्यांना उपयोग व्हावा. भारतीय नाण्यांचं काय, ते शेवटी आहे.

पायरी १ : कोण कशाबद्दल बोलतंय ते वेगळं करा

तुमच्या हातात येतं तेव्हा त्यात चार गोष्टी एकत्र असतात. नाणं, त्याला दिलेला ग्रेड, ती सीलबंद प्लास्टिकची डबी म्हणजे स्लॅब, आणि वरचं स्टिकर. चारही गोष्टी वेगळ्या, खोट्याही वेगवेगळ्या असू शकतात.

ग्रेडचा आकडा १ ते ७० मधला. हे स्केल विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये अमेरिकेच्या लार्ज सेंट या जुन्या तांब्याच्या नाण्यांसाठी मांडलं, पुढे सगळ्याच नाण्यांना लावलं गेलं. ६० आणि त्यापुढे म्हणजे चलनात न फिरलेलं नाणं, त्याला एमएस म्हणतात, मिंट स्टेट. पूर्वी ग्रेड डीलरच ठरवायचा, आणि त्यात गंमत अशी की तुमच्याकडून घेताना ते नाणं ६३ असायचं आणि तुम्हाला विकताना ६५. त्यावर उपाय म्हणून ज्याचा खरेदी-विक्रीशी संबंध नाही अशा तिसऱ्या पार्टीने ग्रेड द्यायचा आणि नाणं डबीत सील करायचं ही पद्धत आली, पीसीजीएस १९८६ मध्ये सुरू झाली आणि एनजीसी १९८७ मध्ये, आज बाजार मुख्यतः या दोघांवर चालतो.

आता अडचण कुठे आली बघा. ६५ हा एक बिंदू नाहीये, पट्टा आहे. काही नाणी ६५ मध्ये कशीबशी बसलेली असतात, काही मधोमध, काही ६६ ला टेकलेली. लेबलवर तिघांनाही ६५ च. शिवाय ग्रेड देणारी माणसंच आहेत, त्याच नाण्याला आज ६४ आणि पुढच्या वर्षी ६५ असं होऊ शकतं, होतंच. यातूनच तिकडे एक अख्खा धंदा उभा राहिला. ६४ च्या डबीतलं जरा बरं दिसणारं नाणं घ्यायचं, डबी फोडायची, परत ग्रेडिंगला पाठवायचं, ६५ मिळालं तर पैसे झाले, नाही मिळालं तर परत पाठवायचं. चांगली नाणी अशी वर वर सरकत गेली आणि ६४ च्या डब्यांत उरलं ते दुपारी चार वाजता मंडईत उरलेल्या भाजीसारखं, खराब नाही पण दहा जणांनी चिवडून ठेवलेलं. ६५ मध्येही तेच, कारण तिथे आता काठावरून आत आलेली नाणी जास्त.

जॉन अल्बानीज हे एनजीसीच्या संस्थापकांपैकी एक. त्यांनी २००७ मध्ये न्यू जर्सीत सीएसी सुरू केली ती याच दुखण्यावर. सीएसीने नवीन ग्रेड द्यायचा नाही, पीसीजीएस किंवा एनजीसीच्या स्लॅबमधलं नाणं बघायचं आणि या ग्रेडला हे पक्कं बसतंय की नाही एवढंच सांगायचं. त्यांच्या भाषेत प्रत्येक ग्रेडमध्ये ए, बी आणि सी अशी तीन प्रतीची नाणी असतात, ए आणि बी ला स्टिकर, सी ला नाही. सी म्हणजे ग्रेड चुकलाय असं नाही हं, काठावर आहे एवढंच. पण बाजार असा बारीक विचार करत बसत नाही, बाजार म्हणतो नापास.

आणखी एक गोष्ट, जी स्टिकरला वजन देते. सीएसी आपण स्टिकर लावलेली नाणी स्वतः विकतही घेते, बऱ्याच प्रकारच्या नाण्यांना भाव देते. नुसतं मत देणारे पुष्कळ असतात, त्या मतावर स्वतःचे पैसे लावणारे कमी. अर्थात याच कारणाने काही लोक नाक मुरडतात की पास-नापास करणाराच खरेदीदार कसा, आणि त्यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही.

पायरी २ : स्टिकर काय सांगतं आणि काय सांगत नाही

हिरवं म्हणजे लेबलवरच्या ग्रेडला नाणं पक्कं आहे. तिकडे याला बीन म्हणतात, शेंगेतल्या दाण्यासारखं दिसतं म्हणून. सोनेरी म्हणजे नाणं लेबलवरच्या ग्रेडपेक्षा चांगलं आहे, वरच्या ग्रेडलाही पक्कं बसलं असतं. सोनेरी दुर्मिळ, आणि मिळतं ते बरेचदा ८०-९० च्या दशकातल्या जुन्या डब्यांवर, कारण तेव्हा ग्रेडिंग कडक होतं. अशी डबी कोणी फोडली नाही आणि आतलं नाणं तसंच राहिलं तर आजच्या हिशोबाने ते कमी ग्रेडमध्ये अडकलेलं असतं.

लेबलवर कधी ६४+ असं लिहिलेलं असतं. स्टिकर देताना ती अधिकची खूण धरली जात नाही, ६४+ च्या डबीवर हिरवं स्टिकर असलं तर त्याचा अर्थ ६४ ला पक्कं एवढाच घ्या. त्या प्लससाठी वेगळे आणि स्टिकरसाठी वेगळे असे दोनदा पैसे मोजणारे लोक मी बघतो, ठीक आहे, त्यांचे पैसे.

नाणं सुंदर आहे असं स्टिकर कुठेच म्हणत नाही, ही गोष्ट नवीन लोकांच्या सगळ्यात जास्त नजरेतून सुटते. हिरवं स्टिकर असलेलं नाणं काळपट, कळाहीन, तुम्हाला बघावंसं न वाटणारं असू शकतं, ग्रेडला पक्कं आहे, बस. उलट बिनस्टिकरचं एखादं असं झळकत असतं की डबी हातातून ठेववत नाही.

आता स्टिकर नसेल तर? याची कारणं बरीच असतात आणि सगळे लोक फक्त एकच कारण धरून चालतात. एक, नाणं कधी पाठवलंच नाही. दोन, पाठवलं आणि मिळालं नाही. तीन, स्टिकर होतं पण कोणी डबी बदलून घेतली, जुन्या डबीबरोबर ते गेलं. चार, ते नाणं सीएसीच्या यादीतच नाही, म्हणजे आधुनिक नाणी, १९८६ पासूनचे सिल्व्हर ईगल वगैरे यांना स्टिकर लावलंच जात नाही. पाच, डीटेल्स ग्रेड, म्हणजे साफ केलेलं, ओरखडलेलं, कुठे तरी छेडछाड झालेलं नाणं, त्यालाही नाही.

यातलं पहिलं की दुसरं हे बाहेरून कळत नाही, कारण कुठल्या नाण्याला स्टिकर दिलं ते सीएसीच्या साइटवर दिसतं, कुठल्याला नाकारलं ते दिसत नाही. म्हणून अंदाज बांधावा लागतो. महाग, जुनं, स्टिकर मिळालं तर भाव बराच वाढेल असं नाणं मोठ्या डीलरकडे स्टिकरशिवाय पडलं असेल तर त्याने पाठवून बघितलंच नसेल हे मला पटत नाही. तेच नाणं एखाद्या म्हाताऱ्या कलेक्टरच्या घरातून, जुन्या पद्धतीच्या डबीत, पहिल्यांदाच लिलावात आलं असेल तर कोणी पाठवलं नसण्याची शक्यता चांगली. डीलरला सरळ विचारा, सीएसीला पाठवलं होतं का. तो काय म्हणतो यापेक्षा कसा म्हणतो ते ऐका, हो पाठवलं होतं, नाही मिळालं, म्हणून भाव कमी ठेवलाय, असं सांगणारा डीलर मिळाला तर त्याला धरून ठेवा.

पायरी ३ : स्टिकर खरं आहे का ते तपासा

हे पाच मिनिटांचं काम आहे आणि तरी लोक करत नाहीत.

स्लॅबच्या लेबलवर सर्टिफिकेट नंबर असतो. तो आधी पीसीजीएस किंवा एनजीसीच्या साइटवर टाका. साल, टांकसाळ, ग्रेड जुळतो का बघा. मग तोच नंबर सीएसीच्या साइटवर टाका, तिथे स्टिकर आहे की नाही आणि हिरवं की सोनेरी ते येतं. स्टिकर हे त्या नंबराशी बांधलेलं असतं, म्हणून एका डबीवरचं सोलून दुसरीवर चिकटवलं तरी इथे पकडलं जातं.

पण नंबर जुळला म्हणजे झालं असं समजू नका. नकली स्लॅब बनवणारे खऱ्या नाण्याचाच नंबर उचलतात, त्यामुळे साइटवर सगळं बरोबर दिसतं आणि तुमच्या हातात मात्र भलतंच नाणं असतं. म्हणून फोटो. बऱ्याच नाण्यांचे फोटो ग्रेडिंग कंपनीच्या साइटवर असतात, जुन्या लिलावांच्या नोंदींतही सापडतात. फोटो मोठा करा आणि एखादी ठळक खूण निवडा, म्हणजे नाण्यावरच्या चेहऱ्याच्या गालावरची आडवी चीर, कडेला एखाद्या ताऱ्याजवळचा टोचा, टोनिंगचा म्हणजे काळाने धातूवर चढलेल्या रंगाचा डाग. तीच खूण तुमच्या नाण्यावर त्याच जागी हवी. दोन मॉर्गनवर अगदी सारख्या खुणा कधीच नसतात, त्यामुळे ही तपासणी फार भरवशाची. पीसीजीएसच्या अलीकडच्या डब्यांत एनएफसी चिप पण असते, फोन टेकवला की माहिती उघडते, ती असेल तर तेही करून घ्या.

फोटोत स्टिकर आहे आणि विकणारा म्हणतोय की साइटवर अजून आलं नसेल, अपडेट व्हायचंय, तर म्हणा, होऊ दे, मग घेतो.

पायरी ४ : स्टिकर बोटाने झाका आणि नाणं बघा

खरंच झाका. स्टिकर डोळ्याला लाच देतं, हिरवं दिसलं की दोष दिसायचे बंद होतात.

खोलीतला मोठा लाइट बंद करा, टेबल लॅम्पला साधा पिवळा बल्ब लावा, ट्यूबलाइटखाली काहीच कळत नाही. पाच किंवा सात पटीचं भिंग पुरे, जास्त मोठ्या भिंगाखाली प्रत्येक नाणं भयानक दिसतं. स्लॅब कडेने धरा आणि बल्बखाली हळूहळू तिरका करत फिरवा. चांगल्या मॉर्गनवर उजेडाचा पट्टा चाकाच्या आऱ्यासारखा गोल फिरतो. तो मध्येच तुटला, एखाद्या भागात मेला, तर तिथे घासलंय किंवा केमिकलने धुतलंय. आम्ल असलेल्या द्रावणात बुडवून काळं टोनिंग काढायची पद्धत फार जुनी आहे, हलक्या हाताने केली तर खपून जाते, जास्त झाली की नाणं पांढरं दिसतं पण मेलेलं, ऍल्युमिनियमच्या पातेल्यासारखं. तिरकं केल्यावर केसासारख्या बारीक समांतर रेषा चमकल्या तर कोणीतरी फडक्याने पुसलंय.

मग खुणा. हे डॉलर टांकसाळीतून हजार-हजारच्या कापडी थैल्यांत भरून निघायचे, प्रत्येक साधारण २६.७ ग्रॅमचा, थैली उचलली-आपटली की एकमेकांवर आपटून खुणा पडायच्या, त्या असणारच. कुठे आहेत ते महत्त्वाचं. लिबर्टीचा, म्हणजे नाण्यावरच्या त्या बाईच्या चेहऱ्याचा गाल हा मोठा मोकळा भाग, तिथली एक खोल चीर केसांतल्या सहा चिरांपेक्षा जास्त नडते. ६५ मध्ये गाल बराच स्वच्छ पाहिजे. चीर नाण्यावर आहे की प्लास्टिकवर हे कळत नसेल तर स्लॅब तिरका करा, प्लास्टिकवरचा ओरखडा नाण्यावरून सरकल्यासारखा वाटतो.

ठसा किती खोल पडलाय तेही बघा. कानावरचे केस आणि मागच्या बाजूला गरुडाच्या छातीची पिसं, या दोन जागा. १८८१ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या नाण्यांवर हे सहसा छान उठलेलं असतं, म्हणूनच नवीन माणसाला शिकायला ते नाणं सांगतात, मुबलक आहे, देखणं आहे. न्यू ऑर्लिन्स टांकसाळीच्या बऱ्याच तारखांवर (तारीख म्हणजे इथे नाण्यावरचं साल) छाती सपाट असते. सपाट छातीचं नाणं त्या तारखेच्या मानाने चालून जाईल, स्टिकरही मिळेल, पण तुम्हाला ते रोज बघायला आवडणार आहे का हा वेगळा प्रश्न आहे.

सोन्याच्या नाण्यांवर मात्र मी नवीन माणसाला स्वतःच्या डोळ्यावर सोडणार नाही. १९०७ ते १९३३ मधले सेंट-गॉडेन्स या शिल्पकाराच्या डिझाइनचे वीस डॉलरचे सोन्याचे नाणे घ्या, त्यावरच्या चिरा झाकायला पातळसा थर लावायचा उद्योग चालतो, लावला तेव्हा दिसत नाही, डबीत गेल्यावर काही वर्षांनी धुरकट होऊन वर येतो. हे ओळखायला शेकडो नाणी हाताखालून जावी लागतात. इथे स्टिकरवाल्यांची नजर विकत घेण्यात शहाणपण आहे.

हे सगळं शिकायचं कुठे, तर कॉइन शोमध्ये. स्टिकरवाली आणि बिनस्टिकरची एकाच ग्रेडची दहा दहा नाणी एका टेबलावर मागून घ्या, लेबल झाकून स्वतः अंदाज लावा आणि मग बघा. डीलर लोक गर्दी नसेल तेव्हा बघू देतात, रविवारी दुपारी जा.

पायरी ५ : आता हिशोब

आकडे समजण्यापुरते, बाजारभाव नाहीत.

समजा एका तारखेचं नाणं ६४ मध्ये १०० डॉलर, ६५ मध्ये १८० आणि ६५ हिरव्या स्टिकरसकट २४०. तुमचं बिनस्टिकरचं ६५ अगदीच काठावरचं निघालं आणि बाजाराने त्याला ६४ समजलं तरी तुमचं नुकसान ८० च्या वर जात नाही. ते ८० वाचवायला ६० द्यायचे? मी नाही देणार. त्यापेक्षा लॅम्प घेऊन बसा आणि १८० मध्येच चांगलं शोधा, मुबलक तारखांत मिळतं.

आता दुसरी तारीख. ६४ मध्ये १,०००, ६५ मध्ये ४,०००, स्टिकरसकट ४,५००. इथे एका आकड्यावर ३,००० चा कडा आहे, आणि जिथे असा कडा असतो तिथेच डब्या फोडून फोडून काठावरची नाणी वर चढवलेली असतात, कारण चढवण्यात पैसा आहे. बिनस्टिकरचं ६५ तुम्ही ४,००० ला घेतलं आणि विकायला गेलात तर समोरचा पहिला प्रश्न विचारणार की स्टिकर का नाही, आणि ३,००० पासून बोलणी सुरू करणार. इथे ५०० जास्त देणं परवडतं.

एवढा एक हिशोब डोक्यात बसला की बाकीचं आपोआप येतं. तुमच्या ग्रेडचा भाव आणि खालच्या ग्रेडचा भाव यातली दरी बघा, स्टिकरचा जादा भाव त्या दरीच्या किती भागाएवढा आहे ते बघा. दरी मोठी आणि जादा भाव लहान तर घ्या. दरी लहान तर सोडा.

नाणं हातात न घेता नुसत्या फोटोवरून घेणार असाल तर मी स्टिकरकडे थोडा जास्त झुकेन, फोटोत लस्टर म्हणजे नाण्याची चमक खोटी दाखवता येते. रंगीत टोनिंग असलेल्या नाण्यांतही तसंच, कारण टोनिंग बनावट करणारे कलाकार आहेत. १९२१ चा मॉर्गन, जो कोटींनी पाडला गेला, त्याच्या मधल्या ग्रेडला स्टिकर शोधत बसणं म्हणजे हौसच. आणि चांदीच्या वजनावर घेत असाल तर ग्रेड, डबी, स्टिकर सगळंच विसरा.

एक उलटा मार्ग पण आहे. बिनस्टिकरचं चांगलं नाणं ओळखून साध्या भावात घ्यायचं आणि मग स्वतः सीएसीकडे पाठवायचं. ऐकायला सोपं वाटतं. पण फी, जाता-येताचं पोस्ट, विमा, महिनोन्महिने वाट, आणि तुमच्या आधी त्या नाण्यावरून हेच डोकं लावलेले अनुभवी डोळे फिरून गेलेले असतात. नजर बसल्यावर करा.

पायरी ६ : प्रत्येक स्टिकर सारखं नसतं

सीएसीचं चाललं म्हणून मग इतरांचीही आली. इंडियन हेड आणि फ्लाइंग ईगल या जुन्या अमेरिकन एका सेंटच्या नाण्यांमध्ये ईगल आय या डीलरचं फोटो सील आहे, एकाच प्रकारच्या नाण्यात मुरलेल्या डीलरचं मत म्हणून त्या वर्तुळात त्याला मान आहे, बाहेर फारसा नाही. अमेरिकेबाहेरच्या नाण्यांसाठी विंग्ज नावाचं स्टिकर दिसतं. याशिवाय डीलर आपापली छापतात, प्रीमियम, चॉइस, एक्स्ट्रा अमुक, होलोग्रामसकट, छान दिसतात.

कुठलंही नवीन स्टिकर दिसलं की मी हे बघतो. लावणारा आणि हे नाणं विकणारा एकच तर नाही ना. नंबर टाकून तपासायची सोय आहे का. ते कोणाला कधी नाही म्हणतात का, की पैसे भरले की लागतं. आणि जुन्या लिलावांत त्या स्टिकरमुळे खरंच जादा भाव मिळालेला दिसतो का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर नाही असेल तर ते स्टिकर शोभेचं, त्याचा शून्य रुपया द्यायचा.

सीएसीच्या बाबतीतही एक गोष्ट लक्षात ठेवा. २०२३ पासून त्याच मंडळींची सीएसी ग्रेडिंग नावाची स्वतंत्र ग्रेडिंग कंपनी सुरू झाली, व्हर्जिनिया बीचला, म्हणजे आता ज्यांच्या डब्यांवर हे स्टिकर लावतात त्यांचेच हे स्पर्धकही आहेत. यामुळे स्टिकरची किंमत लगेच कमी झाली असं नाही, पण तिसरी पार्टी हा शब्द आता जरा जपून वापरावा. नवीन माणसाचा गोंधळ होतो तो इथे, सीएसी लिहिलेली डबी वेगळी आणि पीसीजीएसच्या डबीवरचं सीएसीचं स्टिकर वेगळं, भाव तुलना करताना दोन्ही एकात मिसळू नका.

पायरी ७ : आपल्या नाण्यांचं काय

भारतीय नाण्यांना सीएसीचं हिरवं स्टिकर हा प्रकार नाही, ते अमेरिकन नाण्यांचं काम. ब्रिटिश इंडियाचे रुपये, संस्थानांची नाणी, प्रजासत्ताकाची नाणी पीसीजीएस आणि एनजीसीच्या डब्यांत मात्र भरपूर दिसतात, आणि मुंबई-पुण्याच्या प्रदर्शनांत आता अशा स्लॅबची टेबलंच्या टेबलं असतात. तेव्हा स्टिकरचं काम तुम्हालाच करायचंय.

ब्रिटिश इंडियात पहिल्यांदा लेबल पूर्ण वाचा, रीस्ट्राइक लिहिलंय का बघा. म्हणजे टांकसाळीनेच नंतरच्या काळात कलेक्टरांसाठी पाडलेलं. ते नकली नाही, सुंदर असतं, ग्रेडही उंच मिळतो, पण मूळ नाण्याचा भाव त्याला नाही, आणि विकणारा पोस्ट टाकताना नेमका तेवढा शब्द गाळतो.

दुसरं, ज्या नाण्याच्या नकला प्रसिद्ध आहेत ते डबीशिवाय घेऊच नका. सहाव्या जॉर्जचा १९३९ चा रुपया हे ठरलेलं उदाहरण. जुना रुपया ११.६६ ग्रॅमचा आणि जवळपास ९१.७ टक्के चांदीचा, १९४० पासून चांदी ५० टक्क्यांवर आली, म्हणून १९३९ चा रुपया लोक शोधत असतात आणि म्हणून बनवणारेही असतात. सुट्टं नाणं निदान काट्यावर ठेवता येतं, डबीतलं येत नाही, त्यामुळे डबी कोणाची आहे याला महत्त्व. हल्ली कधी न ऐकलेल्या नावांच्या डब्या दिसतात, आत घरच्या देव्हाऱ्यातला वाटावा असा पुसून लख्ख केलेला रुपया आणि वर एमएस-६८. असं काही दिसलं की नाणं सुट्टं आहे असं समजून भाव करा.

तिसरं कायद्याचं, आणि हे परदेशातल्या मंडळींनी नीट वाचा. १९७२ च्या पुरावशेष आणि कलाकृती कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं पुरावशेष धरलं जातं आणि खाजगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही. आजीच्या पेटीत १९११ चा पाचव्या जॉर्जचा रुपया सापडला, तोच तो राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून डुक्कर रुपया म्हणतात तो, आणि तुम्ही म्हणालात की जाताना बॅगेत टाकतो, तिकडे ग्रेड करून घेतो, तर नको. इथेच राहू द्या. तिकडून इकडे स्लॅब आणतानाही ड्यूटीचं आधी विचारून घ्या, विशेषतः सोन्याचं असेल तर, नातेवाइकाच्या सामानात गुपचूप घालून त्याला विमानतळावर अडकवू नका.

आणि घरच्या जुन्या नाण्याला लाखो रुपये देतो, फक्त आधी सर्टिफिकेटची किंवा रजिस्ट्रेशनची फी भरा, असा फोन आला तर कट करा. रिझर्व्ह बँकेचं नाव सांगून हे चालायचं, बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर सांगितलंय की आम्ही असल्या व्यवहारात नाही आणि कुणाला असं कमिशन घ्यायला नेमलेलं नाही.

पायरी ८ : घेताना आणि घेतल्यावर

पैसे देण्याआधी परत करायची मुदत किती ते लिहून घ्या, मेसेजमध्ये चालेल. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा, त्यात लेबलचा नंबर, स्टिकर आणि डबीच्या चारही कडा आल्या पाहिजेत, डबीची कड पांढरट झालेली किंवा चरे गेलेली असेल तर ती उघडून परत चिकटवलेली असू शकते. मग पायरी ३ मधली खुणांची जुळवणी परत एकदा प्रत्यक्ष नाण्यावर करा, मुदत संपायच्या आत.

स्लॅबवर ओरखडे पडले म्हणून नवीन डबी करून घ्यावीशी वाटली तर थांबा, जुन्या डबीबरोबर स्टिकर जातं. ओरखडे राहू द्या. स्टिकरवर टेप, किमतीचं लेबल, रबर बँड काही लावू नका, स्लॅब पुसताना त्यावर स्पिरिट जाऊ देऊ नका. ठेवायला कोरडी जागा, आपल्याकडच्या पावसाळ्यात सिलिका जेलची पाकिटं डब्यात टाका आणि दर काही महिन्यांनी बदला, स्लॅब हवाबंद नसतो, आतल्या चांदीवर दमटपणाचा परिणाम होतो. बिल, तपासणीचे स्क्रीनशॉट आणि नाण्याचे दोन्ही बाजूंचे फोटो एका फोल्डरमध्ये ठेवा, नंबराच्या नावाने, विकताना समोरचा हेच सगळं मागणार आहे.